श्रद्धा, सबुरी आणि ११० गुण

अमेरिकेतली काही ख्रिस्ती विद्यापीठं उच्चशिक्षणातल्या नेतृत्वावर श्रद्धाधिष्ठित डॉक्टरेट देतात. अंदाजपत्रकाच्या जोडीला प्रार्थना, धोरणाच्या जोडीला बायबल. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे हाच अभ्यासक्रम विनाशुल्क चालतो. पदवीदान समारंभ तेवढा होत नाही.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्राचार्याला पीएच.डी. हवी, १५ वर्षांचा अनुभव हवा, १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण हवेत. श्रद्धेला गुण शून्य! हा घोर अन्याय आहे. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक 'यंदा जागा निघणार' म्हणत जूनमागून जून काढतो. नेट झाली, पीएच.डी. झाली, मानधन मात्र दिवाळीनंतर बघू. प्रभारी प्राचार्य तर प्रभारी म्हणूनच निवृत्त होतात, आणि निरोपाच्या भाषणात 'कायमचे लक्षात राहतील' असं ऐकतात. (कायम हा शब्द कानावर पडला, तेवढंच समाधान.) मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून पहिल्या तासाची हजेरी एसटीच्या मर्जीवर. भातसा, तानसा उशाला असून उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर; तिथल्या मुलांना जलव्यवस्थापनाचा प्रकल्प देणाऱ्याची निष्ठा तर अढळच म्हणायची.

महाविद्यालयाला श्रेणी देणारी नॅकची समिती प्रत्यक्ष भेटीला यायची, तेव्हा भिंतींना रंग, दारात रांगोळी आणि म्हसोबाला नारळ. त्याच म्हसोबाच्या, मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेत बैलाचा भाव दात बघून ठरतो. समिती फायली बघायची.