पैनगंगेपलीकडचा परदेश

वाशिमच्या चौकात हल्ली परराष्ट्र धोरणाची मोठी चलती आहे. बलुचिस्तान कधी फुटणार, अराकानात कोण जिंकणार, हे कटिंग संपायच्या आत ठरतं. याच वाशिमच्या उशाशी एकेकाळी परदेश होता, हे मात्र या तज्ज्ञांच्या मोबाइलवर अजून आलेलं नाही.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने पैनगंगा ओलांडली की स्वतंत्र हैदराबाद लागे. निदान निजामसाहेबांचं म्हणणं तसं होतं. वऱ्हाडातली माणसं त्या मुलखाला सरळ ‘मोगलाई’ म्हणत आणि सोयरिकी तिथेच जुळवत. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका.

वऱ्हाडावरही निजामाचा हक्क होताच, कागदोपत्री. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज रक्षणासाठी पोसली, तिचा खर्च थकला आणि १८५३ साली त्या बिलापोटी इंग्रजांनी वऱ्हाड ताब्यात घेतला. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला. १९३६ साली थोरल्या युवराजांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ किताब मिळाला. म्हणजे घर कायमचं भाड्यानं गेलेलं, दारावर पाटी तेवढी मालकाच्या मुलाची!

मग लातूरचे वकील कासिम रझवी मुसलमान कौमचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले. राज्यातली बहुसंख्य प्रजा हिंदू. पण सत्ता कुणाची हे ठरवताना डोकी मोजायची नसतात, असा त्यांचा कायदा. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची त्यांची भाषा. दिल्ली लांब होती, सरहद्दीवरची गावं जवळ. त्यांच्या रझाकारांच्या धाकानं मराठवाड्यातली कुटुंबं वऱ्हाडात आली आणि हैदराबाद संस्थानातल्या काँग्रेसवाल्यांनी उमरखेडसारख्या ठिकाणी छावण्या उघडल्या. कौम म्हणजे आपण, असं ज्यांना सांगितलं गेलं त्यांच्यातलाच शोएबुल्ला खान हा संपादक भारतात विलीन व्हा म्हणाला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला ठार मारलं.

सप्टेंबरात भारताचे रणगाडे घुसले. त्याला नाव दिलं ‘पोलीस ॲक्शन’. असे पोलीस वाशिमच्या ठाण्यात पुन्हा कधी दिसले नाहीत. पाच दिवसांत परदेश संपला. त्यानंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत जे झालं त्यावर विनोद होत नाही. भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, त्यात मुख्यतः मुसलमान. नांदेड सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक. अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला. ‘आपल्या’ माणसांच्या रक्षणाला निघालेले रझवी सुटकेनंतर १९५७ साली पाकिस्तानात गेले. मेलेल्यांना ती सोय नव्हती.

पोलीस ॲक्शनच्या धांदलीत निजामाचे सुमारे १० लाख पौंड लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या बँक खात्यात गेले. त्यांचा वाद ७१ वर्षं रेंगाळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं निकाल दिला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती. ती भारत सरकार आणि निजामाच्या वारसांना मिळाली. पैनगंगेकाठच्या एकाही गावाचं नाव त्या दाव्यात नव्हतं.