भाड्याच्या गाडीचा हिशोब

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "भाड्याची गाडी? अगं, निदान हप्त्यावर तरी घ्यायची!" आणि फोन आईकडे दिलात. सगळा जन्म बँकेत कर्जाच्या टेबलावर काढलेल्या माणसाची दोन वाक्यांत समजूत पटणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून सविस्तर लिहायला बसलेय. आज सवडही आहे. न्यू जर्सीत रविवारी मोटारी विकायला कायद्यानंच बंदी आहे, त्यामुळे कुठल्याही डीलरचा फोन येणार नाही.

इथे कोथिंबिरीच्या जुडीवर दहा सेंट कमी करा म्हटलं तर दुकानातली पोरगी आपल्याकडे डॉक्टरांनी बघावं तशी बघते. मोटारीचं मात्र वेगळं. मोटारीच्या काचेवर कंपनीची छापील किंमत चिकटवलेली असते, तसा १९५८ सालचा कायदाच आहे. पण त्या किमतीला गाडी घ्यायची असते असं काही कुणी मानत नाही. तिथून खाली घासायला सुरुवात करायची. म्हणजे तुमची लेक चिपळूणच्या बाजारात जे शिकली ते इथे एकदाचं कामी आलं.

या भाड्याचं, म्हणजे लीजचं, गणित तुम्हाला आवडेल. काचेवरची किंमत ४०,००० डॉलर. तीन वर्षांनी गाडीला किती किंमत उरेल, ते फायनान्स कंपनी आजच ठरवून टाकते. आमच्या गाडीला ५८ टक्के धरलेत, म्हणजे २३,२००. त्यात घासाघीस नाही. आपण ज्या भावाला गाडी ठरवू तो भाव आणि हे २३,२००, यांच्यामधली घट ३६ महिन्यांत भरायची. शिवाय व्याज आहेच. पण व्याज टक्क्यांत सांगतील तर ते विक्रेते कसले! ते सांगतात 'मनी फॅक्टर', उदाहरणार्थ ०.००२५०. दिसायला इतका किरकोळ आकडा की विचारायचीसुद्धा लाज वाटावी. त्याला २४०० नं गुणा, सहा टक्के! महिन्याचं व्याज काढताना ठरलेला भाव आणि उरणारी किंमत यांची बेरीज करून तिला या फॅक्टरनं गुणतात. बेरीज का आणि २४०० च का, ते तुम्ही हातातला चहा संपायच्या आत काढाल, म्हणून लिहीत नाही. आणखी गंमत म्हणजे फायनान्स कंपनी डीलरला ०.००२०० नं देते आणि तो मध्ये आपली भर घालून आपल्याला ०.००२५० सांगतो. १९७६ च्या लीज कायद्याखालच्या नियमांनी करारावर गाडीचा भाव, उरणारी किंमत आणि व्याजाची एकूण रक्कम छापावी लागते. फॅक्टर छापायची सक्ती मात्र नाही.

जाहिराती तर विचारू नका. 'महिना फक्त २९९!' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात सहीच्या वेळी ३,९९९ भरा. ते ३६ नं भागून हप्त्यात मिळवले की महिना ४१० पडतो. शिवाय आधी भरलेले पैसे धोक्याचे. शोरूममधून निघाल्यावर उद्या कुणी ठोकून गाडीचा चेंदामेंदा केला तर विमा फायनान्स कंपनीचा हिशोब चुकता करतो, आपले ते ३,९९९ गेलेच. म्हणून आम्ही ठरवलं, आगाऊ एक छदाम द्यायचा नाही.

आता तुमच्या जावयांची हकिगत. रूट वनवरच्या एका शोरूममध्ये गेलो. दारातच पॉपकॉर्नचं यंत्र, कॉफी, आणि दोन्ही हातांनी हस्तांदोलन करणारा विक्रेता. बसल्याबरोबर त्यानं विचारलं, "महिन्याला किती बसेल तुम्हाला?" मी गाडीत बजावून आणलं होतं की या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. पण रिक्षावाल्याला "राहू देत सुटे" म्हणणारा माणूस हा! "पाचशे-साडेपाचशे," म्हणून मोकळे. त्यानं लगेच कोऱ्या कागदावर अधिकाची खूण काढून चार चौकोन केले: जुन्या गाडीचे किती, नवीचा भाव, आगाऊ किती, महिन्याला किती. एक चौकोन दाबला की दुसरा फुगतो. हप्ता खाली आला की आगाऊ रक्कम वर, ती खाली ओढली की जुन्या गाडीची किंमत घसरलेली. मी म्हटलं, "हप्ता राहू दे, गाडीचा भाव सांगा आणि मनी फॅक्टर सांगा." त्याचं हसू जरा सुकलं. "मॅनेजरला विचारून येतो."

अण्णा, आपल्या ग्रामदेवीला कौल लावतात ना, अगदी तसंच. मॅनेजर काचेच्या गाभाऱ्यात. हा आत जाणार, मान हलवणार, बाहेर येऊन सांगणार, "पन्नास डॉलर सोडले." पुन्हा विचारा, पुन्हा आत. तेवढ्यात आमचे हे हळूच म्हणतात, "घेऊन टाकू या गं, किती फेऱ्या मारतोय बिचारा." मी त्यांच्या हातात पॉपकॉर्नचा पुडा दिला आणि उठले.

पुढचं सगळं घरी बसून. आसपासच्या डीलरांना एकच ईमेल धाडली: हे मॉडेल, ३६ महिने, वर्षाला १२,००० मैल, आगाऊ शून्य, भाव, फॅक्टर आणि सगळ्या फिया लेखी कळवा. बहुतेकांचं उत्तर, "कधी येताय?" एका देशी विक्रेत्यानं फोन करून "भाभीजी, अपने लोगों के लिए स्पेशल" म्हणत जो आकडा सांगितला, तो सगळ्यांत जास्त निघाला. दोघांनी मात्र सरळ आकडे कळवले. मग याचं पत्र त्याला, त्याचं याला. महिनाअखेर जवळ येत होती आणि विक्रीचं टार्गेट गाठायला त्यांना एखाददुसरी गाडी कमी पडत असते, त्यामुळे आवाज मऊ होत गेले.

शेवटी ३७,५०० आणि ०.००२०० वर सौदा झाला. कर आणि फिया सोडून महिना ५१८ डॉलर ६२ सेंट. छापील भाव आणि त्यांचा ०.००२५० धरला असता तर ६२४ डॉलर ६७ सेंट झाले असते. तीन वर्षांचा फरक ३,८०० च्या वर जातो. पडताळून बघा.

सहीच्या खोलीत टाय लावलेला आणखी एक गृहस्थ होता. रंगाला कवच, टायरांचा विमा, काचांवर नंबर कोरून देणं, सगळं "दिवसाला जेमतेम एका कॉफीच्या पैशात." त्यानं पाच वर्षांची जादा वॉरंटीही पुढे केली. गाडी तीन वर्षांनी परत करायची आहे, असं मी म्हटल्यावर तो आमच्या ह्यांच्याकडे वळला. त्या दिवशी मात्र हे ठाम राहिले. तोंडात पॉपकॉर्न होते.

आता तुमची मुख्य हरकत, गाडी आपली नाही. कबूल. पण तीन वर्षांनी ती २३,२०० ला विकत घ्यायचा हक्क करारात लिहिलेला आहे. बाजारात तेव्हा १८,००० ला विकली जात असेल, तर किल्ली ठेवून यायची, नुकसान त्यांचं. परत करायची थोडी फी पडते, एवढंच. २०२१ मध्ये जुन्या मोटारींचे भाव असे भडकले होते की लीजवाल्या कितीतरी लोकांनी आपल्याच गाड्या ठरलेल्या भावाला घेऊन नफ्यात विकल्या. पडली तर कंपनीची, चढली तर आपली. असं कर्ज तुमच्या बँकेनं कुणाला दिलं असतं का?

आईला सांगा, पूजा झाली. बॉनेटवर स्वस्तिक मात्र काढलं नाही. परत देताना रंगावरच्या डागांचे वेगळे पैसे लावतात, त्यामुळे ह्यांनी कुंकवाची डबी लपवून ठेवली होती. स्वस्तिक काचेवर काढलं. फोटो पाठवलाय.

आईला साष्टांग नमस्कार, बंटीला आशीर्वाद.

तुमची,
सुमा

ता. क. ठरलेल्या मैलांच्या वर प्रत्येक मैलाला २५ सेंट पडतात. तेव्हा तुम्ही दोघं उन्हाळ्यात आलात की नायगरा जावयांच्या जुन्या गाडीतून.