मध्यस्थ

मोसंबीच्या जाळ्या भरलेला टेम्पो आपल्याला मागे टाकून जातो, आणि तोही चढावर, तेव्हा जुन्या मारुती ८००च्या मालकानं काय समजायचं ते समजून घ्यावं. बदनापूरहून जालन्याला जाताना हे घडलं. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला होता, इंजिन घुमत होतं आणि गाडी मात्र वरातीच्या चालीनं निघाली होती. टेम्पोतल्या क्लीनरनं जाता जाता हात केला. त्यात चेष्टा नव्हती. थकलेल्या माणसाला रस्त्यात भेटल्यावर करतात तसा नमस्कार होता.

हायवेलगतच्या गॅरेजातल्या चाचांनी गाडी पाहिली नाही, ऐकली. डोळे मिटून, सूर कुठं लागतोय याचा अंदाज घेणाऱ्या गवयासारखे नव्हे, तर चहा पीत, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याशी भाव करत. मग सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला आणि म्हणाले, "सर, हिचा श्वास आत चाललाय, बाहेर निघंना." हल्लीच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन सेन्सर पहाऱ्याला असतात. काही बिनसलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, यंत्र जोडलं की दुखण्याचा क्रमांकही मिळतो. आमची गाडी २००६ची. तिचं निदान कान, नाक आणि तळहात यांच्यावरच चालायचं. त्यातलं नाक तर आता बेकारच झालंय. पूर्वी कन्व्हर्टर बिघडला की सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा, कारण पेट्रोलमध्ये गंधक असायचं. २०२० पासून ते दहा लाखांत १० भागांवर आलं आणि निदानाची एक जुनी वाट बंद झाली. हवा सुधारली याचा आनंदच आहे. चाचांना मात्र तेवढं वाईट वाटतं.

चाचा गाडीखाली सरकले आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं कन्व्हर्टरच्या डब्यावर टकटक केली. आतून खुळखुळ ऐकू आली. मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून धूर मोकळा केला आणि गाडी रस्त्यावर काढायला सांगितली. गावभर ट्रॅक्टरसारखा आवाज करत गाडी पळाली, अगदी कॉलेजातली ताकद परत आल्यासारखी. निदान पक्कं झालं: वाट कन्व्हर्टरमध्येच अडली होती.

हा कन्व्हर्टर म्हणजे काय, हे मला रसायनाच्या पुस्तकापेक्षा आमच्या आप्पांमुळे जास्त कळलं. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ; बदनापूर, भोकरदन, अंबड या पट्ट्यातले लग्न जमवणारे मध्यस्थ. कन्व्हर्टरच्या पोटात चिनीमातीसारखी जाळी असते, तिच्या बारीक चौकोनी नळ्यांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचा नावापुरता थर. इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड येतो, विषारी आणि अर्धामुर्धा. पहिले दोन धातू त्याची ऑक्सिजनशी गाठ घालून देतात. जळायचं राहून गेलेलं पेट्रोलही असंच मार्गी लागतं. ऱ्होडियमचं काम उलटं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन इंजिनाच्या उष्णतेत भलत्याच घाईनं एकत्र आलेले असतात, त्यांना तो समजुतीनं वेगळं करतो. आप्पांनी काडीमोडही असेच मिटवले, आवाज न चढवता. आणि एवढं सगळं घडवून हे धातू स्वतः जसेच्या तसे राहतात. आप्पाही बैठक उठली की टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन संध्याकाळच्या एसटीनं घरी.

आणखी एक साम्य आहे. आप्पा दुसरा चहा झाल्याशिवाय मुद्द्याचं बोलत नसत. तोवर पाऊसपाणी, तुरीचा भाव. कन्व्हर्टरही अडीचशे-तीनशे अंश तापल्याखेरीज कामाला हात लावत नाही. आमच्या गाडीची धाव घर ते बाजार आणि बाजार ते स्टेशन. बिचारा तापायच्या आत मुक्काम येई.

म्हातारपणी आप्पा बोलेनासे झाले. घरच्यांनी कानाचा डॉक्टर केला. मला वाटतं, कान ठीकच होते. दोन्हीकडचं कडू जन्मभर ऐकून घेतलं आणि यातलं त्याला, त्यातलं याला कधी सांगितलं नाही. ते सगळं कुठं तरी साचणारच.

"नवा कन्व्हर्टर बसवून द्या," मी चाचांना म्हणालो. त्यांनी उत्तराऐवजी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. टोकाला काळा, तेलकट थर. इंजिन ऑइल जाळत होतं, त्याची राख जाळीवर बसत होती. मधूनच एक प्लग ठिणगी चुकवायचा आणि न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटायचं. त्या आगीनं जाळी वितळली. कन्व्हर्टर आपण होऊन सहसा मरत नाही, त्याला इंजिन मारतं. आधी व्हॉल्व्ह सील, प्लग, वायरी. मग नवा कन्व्हर्टर, असा चाचांचा क्रम. नाही तर नव्याचीही तीच गत. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं स्वस्तातला उपाय सुचवला: आतली जाळी फोडून काढायची आणि रिकामा डबा परत वेल्डिंग करून टाकायचा. असं करणारे पुष्कळ आहेत. कायद्याला ते चालत नाही, आणि मलाही पटेना. मध्यस्थाला हाकलून त्याची टोपी तेवढी बैठकीत ठेवण्यातला तो प्रकार.

आपल्याकडे या डब्याची सक्ती १९९५च्या एप्रिलमध्ये आली, तीही चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांपुरती. त्याच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं त्या धातूंवर बसलं की सगळा खेळ संपतो. २००० सालात शिसं देशभरातूनच गेलं. तेव्हा या डब्याची किंमत कुणाला ठाऊक नव्हती. ती आधी चोरांना कळली. २०२१च्या सुमारास ऱ्होडियम सोन्याच्या कितीतरी पट महाग झालं आणि पुण्या-मुंबईकडे इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात गायब होऊ लागले. काही चोर इतके सभ्य, की आतली माती काढून घेत आणि सायलेन्सर परत बसवून जात. जालन्याच्या भट्ट्यांत जगभरचं भंगार वितळून सळई होते, पण आमच्या भंगारवाल्यानं डब्याच्या लोखंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आतली माती किती हाय?" एवढंच विचारलं. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून इथं मातीचा भाव कुणीही, कुठंही विचारतं. त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

जुना कन्व्हर्टर निघता निघेना. गंजलेल्या बोल्टवर रात्रभर डिझेल, सकाळी गॅसची ज्योत, शेवटी छिन्नी. एक बोल्ट मोडलाच. सुटल्यावर चाचांनी कन्व्हर्टर उन्हाकडे धरून मला आत बघायला लावलं. जाळीचा बहुतेक भाग काचेसारखा वितळून गोठला होता; एका कडेच्या मूठभर नळ्या तेवढ्या उघड्या होत्या आणि त्यांतून आभाळाचे निळे ठिपके दिसत होते. इतके दिवस आमची गाडी एवढ्याशा जागेतून श्वास सोडत होती. नवीन पॅकिंग, नवे नट-बोल्ट घालून नवा बसला. त्याच्या किमतीत गाडीच्या बाजारभावाचा बराच हिस्सा गेला, हे घरी अजून पूर्णपणे सांगितलेलं नाही.

मग पीयूसी. गाडी चांगली तापवून नेली, दुसरा चहा पाजून म्हणा ना. आमच्या पिढीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यापर्यंत माफ. पोरानं नळी सायलेन्सरमध्ये घातली, स्क्रीनकडे पाहिलं, नळी काढून झटकली, पुन्हा घातली. आकडा ०.०२. "सर, मशीन बिघडलं वाटतं," तो म्हणाला, आणि खात्रीसाठी रांगेतल्या एका जुन्या मोटरसायकलला नळी लावली. मशीन चांगलं होतं. मोटरसायकलवाला मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.