माफीचा राजमार्ग

मालवणच्या न्यायालयात कामकाज चालू असताना एखाद्या पक्षकाराने न्यायाधीशांचा हेतुपुरस्सर अपमान केला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 384 नुसार न्यायालय त्याच दिवशी, उठण्यापूर्वी, त्याचे म्हणणे ऐकून 1000 रुपयांपर्यंत दंड करू शकते. मात्र अपमानाचा आवाज बंदरापर्यंत गेलेला असला, तरी माफी पुटपुटली तरी भागते, कारण कलम 387 माफीनंतर शिक्षा सोडून देण्याची मुभा देते. फौजदारी अवमान, म्हणजे न्यायसंस्थेची अप्रतिष्ठा करणारे किंवा न्यायदानात अडथळा आणणारे कृत्य, 1971 च्या कायद्याखाली उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येत असल्याने सिंधुदुर्गातील अशा प्रकरणाला 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी घाट चढून कोल्हापूरचे सर्किट बेंच गाठावे लागते. तेथे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी भारदस्त तरतूद सज्ज असते. तथापि प्रामाणिक माफी केवळ सशर्त आहे म्हणून फेटाळू नये, असा दिलासाही तोच कायदा देतो. न्यायालयाची प्रतिष्ठा अशा रीतीने प्रतिज्ञापत्रावरील दोन ओळींनी पूर्ववत होते, आणि सामाईक जमिनीच्या वाटपाच्या ज्या दाव्यातील तारखांना कंटाळून पक्षकार भडकलेला असतो, त्या दाव्याला यथावकाश पुढची तारीख मिळते.