स्क्वाड्रन घासणीने घासू नये

निफाडात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दोनच गोष्टी सुचतात. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या आणि घरात चहा टाकायचा. यंदा तिसरीही सुचली, देशभक्ती. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलाचं मिग-२१ लढाऊ विमान निवृत्त झालं, तेव्हापासून वाढदिवस असो, सेंड-ऑफ असो की सोसायटीच्या चेअरमनची निवड, हातात एकच खोकं पडतं. आत चिनी मातीचा कॉफी मग, त्यावर विमान आणि खाली ‘२८ स्क्वाड्रन, फर्स्ट सुपरसॉनिक्स, १९७१’. तालुक्यात कॉफी पितं कोण, हे विचारायची सोय नाही. आम्ही त्यातून चहाच पितो.

बुडाला बारीक अक्षरांत सूचना आहे : घासणीने घासू नये. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं विमान, पण भांडी घासणाऱ्या मावशींपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

त्या स्क्वाड्रनची कामगिरी मात्र खरोखर मगात मावणारी नाही. बांगलादेश युद्धात, १४ डिसेंबर १९७१ला, तिची विमानं गुवाहाटीहून उडाली आणि ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं डागून आली. लक्ष्य शोधायला हाती होता शहराचा पर्यटन नकाशा. हल्ले चालू असतानाच पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहिला. आपल्याकडे साध्या सरपंचाचा राजीनामा घ्यायचा तर किती खेटे पडतात, ते सांगायला नको.

मिग बांधणारा एचएएलचा विमान कारखाना ओझरला आणि ओझर निफाड तालुक्यातच, त्यामुळे मग परीक्षेला जायचा तिथेच गेला. एचएएलमधून निवृत्त झालेल्या एका फिटर काकांनी तो चष्म्याजवळ धरला, फिरवला, चित्रातल्या विमानाच्या पाठीवर अंगठा दाबला.

“ही पाठ बघ. एवढी फुगीर पाठ बायसनची, नंतर सुधारलेल्या मिगची. एकाहत्तरला होतं एफएल, सडसडीत पाठीचं. त्याच्या अंगात तोफसुद्धा नव्हती, पोटाखाली वेगळी टांगावी लागायची. लग्न थोरल्याचं आणि पत्रिकेवर फोटो नातवाचा!”

दुकानदार म्हणाला, “काका, गिऱ्हाईक पाठ बघत नाही, किंमत बघतं.”

त्याचंही खरंच आहे. छापलेला कागद मगाला गुंडाळायचा, तापलेल्या यंत्रात तीन-चार मिनिटं दाबायचा, की शौर्य तयार. १९६४ साली कारखाना आला तेव्हा ओझरकरांना ही युक्ती ठाऊक नव्हती. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, असा व्याप करून देशात सहाशेहून जास्त मिग-२१ बांधली. मगावर वैमानिक आहे, बोधचिन्ह आहे, तिरंगाही आहे. रिव्हेट मारणाऱ्याला तेवढी जागा उरली नाही. तिथे दुकानाचा मोबाइल नंबर आहे. (न्यायमूर्ती रानडे निफाडचेच. देशी उद्योगांसाठी जन्मभर घसा कोरडा केला, पण विमान उडवलं नाही, म्हणून त्यांचा मग नाही.)

आता काउंटरवर नवा माल आलाय : तेजस मार्क-१ए. विमानांचा करार २०२१चा, पहिलं मिळायचं होतं मार्च २०२४मध्ये. ओझरहून पहिलं उड्डाण झालं १७ ऑक्टोबर २०२५ला. हवाई दलानं दम धरावा. मग मात्र हवे तितके तयार आहेत, सहावर एक फुकट, आणि पिंपळगाव-लासलगावपर्यंत घरपोच.