ओळखीचा खड्डा

घरामागे स्विमिंग पूल बांधायचा तर कंत्राटदार ओळखीचा नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑकलंडमधल्या मराठी मंडळींना ते पटणार नाही, हेही ठाऊक आहे. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की मोदक हातात पडायच्या आत प्लंबरपासून पूलवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं मिळतात. सांगणाऱ्याच्या साडूने त्याच्याकडून डेक करून घेतलेला असतो आणि तो ‘एकदम आपला माणूस’ असतो. आपल्या माणसाची अडचण अशी, की त्याला तारीख विचारली तर अविश्वास होतो, लेखी मागितलं तर अपमान होतो, आणि डिसेंबरात व्हायचा पूल एप्रिलच्या गारठ्यात तयार झाला तरी वर त्यालाच जेवायला बोलवावं लागतं.

ही भीड बाळगायची गरज न्यूझीलंडच्या कायद्याने ठेवलेली नाही. घराचं बांधकाम ३०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचं असेल तर १ जानेवारी २०१५ पासून लेखी करार सक्तीचा आहे. परवानाधारक बांधकाम कारागिरांची यादी कोणालाही पाहता येते. कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत संचालकांची नावं आणि कंपनी कधी स्थापन झाली ते फुकट सापडतं. स्थळाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी पोचवणाऱ्या समाजाने एवढ्यासाठी लाजू नये. बुडालेल्या कंपनीच्या संचालकाने जवळपास त्याच नावाची नवी कंपनी पाच वर्षांच्या आत चालवू नये, अशी बंदीही तिथल्या कंपनी कायद्यात आहे, अपवाद थोडे. अशी बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजावं. पूल बांधणाराच बुडून पुन्हा वर येत असेल, तर त्याचं पोहणं उत्तम असेल, पण आपला आगाऊ हप्ता तळाशीच राहतो.

कागदाने माणूस प्रामाणिक होतो का, असा आक्षेप येईल. होत नाही. पण कागदावर काय लिहायला तो कां-कूं करतो, हे खोदकामाच्या आधी कळतं, आणि माझ्या मते सगळी पारख तिथेच आहे. ऑकलंड ज्वालामुखींवर वसलेलं शहर. माउंट ईडनसारख्या भागात बागेच्या हिरवळीखाली बेसॉल्ट असू शकतो. ‘खडक लागला तर खर्च कोणाचा?’ या प्रश्नावर ‘बघू हो, लागणार नाही’ म्हणणारा स्वस्त वाटतो, कारण त्याच्या दरपत्रकात खडक नसतो. तो फक्त जमिनीत असतो. भूजल वर असलेल्या जागी तर रिकामा केलेला फायबरग्लासचा पूल खालच्या पाण्याच्या दाबाने चक्क वर उचलला जातो. हे आपणहून सांगणारा माणूस रागीट, तुसडा, आपल्या नात्यागोत्याचा मुळीच नसलेला असला तरी चालेल. ओळखीतला स्वस्त पडतो, असं म्हणणाऱ्यांनी पहिल्या दरपत्रकाऐवजी शेवटचं बिल दाखवावं.

दुसरी कसोटी कुंपणाची. २०१६ साली झालेला आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू असलेला कायदा सांगतो, की ४०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खोल पाणी मावेल अशा घरच्या पूलला लहान मुलांना ओलांडता येणार नाही असा अडसर हवा. साध्या कुंपणाची उंची किमान १.२ मीटर. फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, आपोआप कडी लागणारं. दर तीन वर्षांनी तपासणी. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ही सगळी धडपड आहे आणि त्यात विनोद करण्यासारखं काही नाही. विनोद आपल्याकडून होतो: कुंपणाला टेकून कढीपत्त्याची भली मोठी कुंडी ठेवायची, म्हणजे नातवाला चढायला पायरी आयतीच. ‘कुंपण मागाहून करू, दिसायला बरं नाही’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला तिथूनच नमस्कार करावा.

इतकी उलटतपासणी घेतली तर कोणी कामाला येणारच नाही, हा शेवटचा आक्षेप, आणि त्यात थोडं तथ्य आहे. चांगल्यांकडे उन्हाळ्याआधी कामाची रांग असते; ते आपल्याला थांबवतात, कौन्सिलचा बिल्डिंग कन्सेंट यायचा आहे म्हणून पुन्हा थांबवतात. याउलट जो पहिल्याच फोनवर ‘सोमवारी मशीन घेऊन येतो’ म्हणेल, त्याला कन्सेंट कोणत्या रविवारी मिळाला ते विचारावं.