आमखास

आमच्या शहरात बादशहाच्या अंगणात पोरं क्रिकेट खेळतात. निवडणूक आली की तिथेच सभा होतात. त्या अंगणाला आम्ही आमखास मैदान म्हणतो. नावातच दोन दरबार आहेत, एक आम लोकांचा, एक खास लोकांचा. बोलताना आपण ते एका दमात उरकतो. एरवी त्या दोन शब्दांमध्ये भलीमोठी भिंत असते.

शेजारचा किलेअर्क औरंगजेबाने 1692 मध्ये उभारला. महाल, मशीद, बागा, सगळा सरंजाम. स्वारी मात्र दख्खनभर छावण्यांतच फिरत राहिली आणि 1707 मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला संपली. निवासस्थान मंजूर, बांधकाम पूर्ण, साहेब दौऱ्यावर. ही प्रथा पुढच्या सरकारांनीही नेटाने पाळली. बाकी खुलताबादच्या कबरीवर त्याच्या वाट्याला आलं ते उघड्या मातीतलं सब्जाचं रोप.

आज किलेअर्कात सरकारी महाविद्यालय आहे. दिल्ली दरवाज्याबाहेरच्या मोगली हिमायतबागेत परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र. पुण्याला गणेशखिंडीत गव्हर्नर राहायचा, तिथे 1949 पासून विद्यापीठ. एकूण काय, साहेबाने मुक्काम हलवल्याशिवाय बाग आपली होत नाही. अपवाद आमच्या सुभेदारीचा. निजामाचे सुभेदार गेले, सुभेदारी राहिली. आता ते सरकारी विश्रामगृह आहे. मंत्री आत, कार्यकर्ते झाडाखाली.

बागेचं खरं दुखणं पाण्याचं. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी या गावात नहर आणली ती जमिनीखालून, खापराच्या नळांनी. पंप नाही, वीज नाही, सगळा उताराचा खेळ. आता पैठणहून जायकवाडीचं पाणी पंपाने चढवून आणतो, आणि गेल्या उन्हाळ्यात ते आमच्या गल्लीत पोचायला आठवा दिवस उजाडायचा. तोही उजाडायच्या आत, पहाटे तीनला. गजर लावून उठायचं, पातेल्यापासून पिंपापर्यंत सगळं भरायचं.

अशाच एका कोरड्या सकाळी फिरायला निघालो होतो. एका सरकारी बंगल्याच्या फाटकाखालून ओहोळ वाहत रस्त्यावर आलेला. दोन चिमण्या त्यात मनसोक्त आंघोळ करत होत्या. आत माळीबुवा नळी धरून हिरवळ भिजवत उभे. विचारलं, "बुवा, तुमच्याकडे कितव्या दिवशी येतं?"

"काय येतं?"

"पाणी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा परगावचा समजले. "इथं रोज मारावं लागतं, काका. नाहीतर पिवळं पडतंय."

माळीबुवांचा यात काडीचा दोष नाही. विनंती आतल्या साहेबांना आहे. हिरवळ जरूर ठेवा, बघायला बरी वाटते. फक्त तिलाही आमचंच वेळापत्रक लावा. दर आठव्या दिवशी, पहाटे तीनला. आणि नळी धरायला स्वतः उठा.